मराठवाडा मॅथेमॅटिकल सोसायटीसारख्या संस्थेचं सभासद शाळेतल्या बाईंनी व्हावं का? का ते फक्त पीएचडीवाल्यांचं काम?

भूमिती_बाई

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यात सेलूच्या बाजूला एका हायस्कूलवर आठवी ते दहावीला गणित शिकवते, एमएस्सी बीएड, बारा वर्षं झाली, म्हणजे वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण तेवढं उरकलंय. प्रश्न वर लिहिलाच आहे पण तो का पडला ते जरा लांबड लावून सांगते, कंटाळा आला तर खाली जा.

२२ डिसेंबरला गणित दिन असतो, २०१२ पासून रामानुजन यांच्या जयंतीला आपण करतोय. आमच्याकडं दरवर्षी फोटोला हार, दोन भाषणं (दोन्ही एकाच वेबसाईटवरून उतरवलेली) आणि गणिती रांगोळी. यंदा म्हटलं आपल्या कापरेकरांचं काहीतरी दाखवू. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस, लेकरांना जवळचा वाटेल. तर त्यांनी शोधलेला ६१७४ घेतला. चार अंकी कोणताही नंबर घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक मोठ्याकडून लहान लावा, मग उलटे लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं परत तेच. मी माझ्या स्कूटीचा नंबर घेतला, ४५०७. ७५४० वजा ०४५७ म्हणजे ७०८३. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ आणि आला ६१७४. पुढं कितीही करा ६१७४ च. लेकरं लई खूष, प्रत्येकानं बापाच्या गाडीचा नंबर करून बघितला, सातव्या पायरीपर्यंत सगळ्यांचा आला.

दोन दिवसांनी आठवीतलं एक पोरगं स्टाफरूमच्या दारात उभं. याची वही कधी पूर्ण नसते, नुसती बोलणी खातं. वहीचं मागचं पान दाखवलं तर त्यानं पाच अंकी नंबर घेऊन तेच करून बघितलेलं, पानभर. ६१९७४, मग ८२९६२, मग ७५९३३, मग ६३९५४ आणि परत ६१९७४. म्हणतंय, मॅडम हे नुसतं फिरायलंय, थांबतच नाही, पाच अंकीचा ६१७४ कुठाय?

मला नाही सांगता आलं. खरंच नाही. आमच्या तालुक्यातल्या गणित शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर एका सरांनी हात जोडले, एकांनी कुठल्या तरी ऑनलाईन प्रशिक्षणाची लिंक टाकली आणि एकांनी लिहिलं "सिलॅबसमधी नाही, सोडा". सोडा तर सोडा, पण ते पोरगं रोज मधल्या सुट्टीत माझ्याकडं बघतंय हो.

माझी एमएस्सीची मैत्रीण सीनियर कॉलेजला आहे, ती म्हणाली सोसायटीची आजीवन सभासद हो, तिथं विचारायला माणसं मिळतात. तिनं सोसायटीच्या बुलेटिनचा, म्हणजे त्यांच्या संशोधन पेपरांच्या नियतकालिकाचा, एक अंक दिला बघायला. इंग्रजीत, आणि पहिल्या पेपरचं नुसतं नाव दोनदा वाचलं तरी कळलं नाही. तिथं जाऊन मी काय करणार, मागच्या खुर्चीवर बसून चहाची वाट बघणार? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

जालनेकर

मॅडम स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी नऊ वर्षं असिस्टंट प्रोफेसर आहे आणि असल्या बऱ्याच परिषदा जेवलोय, "जेवलोय" हाच शब्द बरोबर आहे. मागं एका कॉलेजला गेलो होतो, नाव नको. रजिस्ट्रेशन फी भरली, जालन्याहून सकाळी निघालो, पोचलो तर फाईल, पॅड, पेन आणि बिल्ला. उद्घाटन साडेबारापर्यंत. शाल, श्रीफळ, संस्थाध्यक्षांनी "मी गणितात कच्चा होतो" असं सांगून सगळ्यांना हसवलं, हे दरवेळी कुणीतरी सांगतंच. जेवणानंतर अर्धे लोक गायब. माझा पेपर चार वाजता, सात मिनिटं, आणि समोर सहा जण, त्यातले चार जण पुढचे बोलणारे. तिसऱ्या मिनिटाला अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. पाच वाजता सर्टिफिकेटची लाईन मात्र वर्गात मावेना.

आमचं ठीक आहे, आम्हाला प्रमोशनला पेपर लागतात म्हणून सगळे पळतात. आधी यूजीसी केअर लिस्टमधलं (यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीतलं) जर्नल पाहिजे म्हणून पळालो, फेब्रुवारी २०२५ मधी यूजीसीनं ती लिस्टच बंद केली, आता कुणाला कळेना कशाकडं पळायचं. तुम्हाला शाळेत याचा ना पगारात उपयोग ना सीआरमधी (गोपनीय अहवालात). पैसे वाचवा, यूट्यूबवर ६१७४ टाका, सगळं मिळतंय.

निवृत्त_नांदेडकर

जालनेकर, तुम्ही जे लिहिलं ते खोटं नाही, मी स्वतः आयोजक म्हणून असले सत्कार ठेवलेत, नाइलाज असतो, हॉल संस्थेचा असतो. पण तुम्ही परिषद आणि सोसायटी एकच समजायलात, तिथं माझं तुमचं जमणार नाही.

ताई, तुमच्या मैत्रिणीनं योग्य सांगितलं, फक्त कारण अर्धं सांगितलं. जरा मागं जातो, वयाचा दोष.

माझे वडील निजामाच्या राज्यात शिकले. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, तिथं गणितसुद्धा उर्दूत. वडील शेवटपर्यंत त्रिकोणाला मुसल्लस म्हणायचे आणि कोनाला जाविया, आणि मी भूमितीचा अभ्यास करायला बसलो की म्हणायचे, "उक्लैदिस झाला का?" म्हणजे युक्लिड. १९४८ ला आपण मोकळे झालो, पण मराठवाड्याला औरंगाबादचं विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडलं, तोवर इथल्या कॉलेजांचं तोंड हैदराबादकडंच होतं. आमच्या नांदेडला वेगळं विद्यापीठ तर १९९४ ला. सांगायचं काय, की पुण्यामुंबईच्या माणसाला गणितातलं काही अडलं तर विचारायला शेजारी कुणीतरी असायचं, आपल्याकडं ते घडायलाच उशीर झाला. माझ्या तरुणपणी एक शंका घेऊन मी औरंगाबादला एसटीनं गेलोय, पाच मिनिटांच्या उत्तरासाठी अख्खा दिवस, आणि ते सर नेमके त्या दिवशी रजेवर.

म्हणून प्रादेशिक सोसायटी लागते. मोठ्या संस्थांची सुरुवातही अशाच अडचणीतून झालीय. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ ची, काढणारे व्ही. रामस्वामी अय्यर. ते कुणी प्रोफेसर नव्हते बरं का, डेप्युटी कलेक्टर होते. त्यांचं दुखणं हेच, की गणिताची पुस्तकं आणि जर्नलं एकट्यानं परवडत नाहीत, मिळून मागवू. ते ग्रंथालय सुरुवातीला आपल्या पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होतं. पुढं सोसायटीनं स्वतःचं जर्नल काढलं, त्यात वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांचं सदर असायचं. त्या सदरात १९११ साली मद्रासकडच्या एका डिग्री नसलेल्या, नोकरी नसलेल्या पोरानं एक प्रश्न टाकला. १ अधिक २ गुणिले, वर्गमुळात १ अधिक ३ गुणिले, परत वर्गमुळात १ अधिक ४ गुणिले, असं न संपणारं, आणि या सगळ्यावर एक वर्गमूळ, तर किंमत किती? सहा महिने कुणाचं उत्तर आलं नाही, मग त्यानंच दिलं. उत्तर ३. कसं ते तुमच्या दहावीच्या पोरांना कळेल: ३ म्हणजे ९ चं वर्गमूळ, ९ म्हणजे १ अधिक २ गुणिले ४. आता ४ म्हणजे १६ चं वर्गमूळ, १६ म्हणजे १ अधिक ३ गुणिले ५. ५ म्हणजे २५ चं, २५ म्हणजे १ अधिक ४ गुणिले ६. चालू द्या. (काटेकोर सिद्ध करायला अजून एक पायरी लागते, पण गंमत एवढ्यात आहे.) हा पोरगा म्हणजे रामानुजन. केंब्रिजच्या गणितज्ञ हार्डीला पत्र लिहिलं ते १९१३ ला, त्याच्या आधी त्याचं नाव छापलं ते या सोसायटीच्या जर्नलनं.

आपल्याकडच्या बुलेटिनची भीती वाटून घेऊ नका. २००० सालापासून निघतंय, वर्षाला दोन अंक, जून आणि डिसेंबर. त्यातले सगळे पेपर मलाही कळत नाहीत. मी बीजगणितातला, डिफरन्शियल इक्वेशनवाल्यांचं पान मी उलटून पुढं जातो, ते माझं उलटतात. पण आपल्या औरंगाबादच्या विद्यापीठातल्या पाचपट्टे सरांनी इनइक्वॅलिटीजवर (असमानतांवर) जे काम केलं ते जगभर वापरलं जातं, १९९८ चं त्यांचं पुस्तक अकॅडमिक प्रेसनं छापलंय, आणि आजही या विषयावर पेपर लिहिणारा माणूस कुठल्याही देशातला असो, त्याच्या शेवटच्या पानावर पाचपट्टे नाव सापडतं. हे आपल्या लेकरांना कोण सांगणार, यूट्यूब?

आता तुमच्या पोराचं. पाच अंकीला थांबणारा नंबर नाहीच. आणि हे सिद्ध करायला नव्वद हजार नंबर तपासायचे नाहीत, फक्त ५४ तपासायचे.

भूमिती_बाई

सर, अंगावर काटा आला वाचून. पण ५४ कुठून आले? रात्री सव्वाअकराला वही घेऊन बसलेय, घरचे हसायलेत.

निवृत्त_नांदेडकर

अंक मोठ्याकडून लहान लावले, समजा क, ख, ग, घ, च. उलटे लावले की च, घ, ग, ख, क. वजाबाकी करताना मधला ग शतकाच्या जागी दोन्हीकडं, तो उडाला. उरतं ९९९९ गुणिले (क वजा च) अधिक ९९० गुणिले (ख वजा घ). करून बघा. म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं, बाहेरच्या दोन अंकांचा आणि आतल्या दोन अंकांचा. बाहेरचा फरक १ ते ९. आतला फरक ० पासून, पण बाहेरच्यापेक्षा मोठा नाही होऊ शकत, कारण आपण अंक लावूनच घेतलेत. तर बाहेरचा १ असेल तर आतला ० किंवा १, दोन जोड्या. बाहेरचा २ तर तीन जोड्या. असं ९ ला दहा. दोन अधिक तीन अधिक चार करत दहापर्यंत, ५४.

आता प्रत्येक जोडीचा नंबर काढायचा, त्याचे अंक परत लावायचे आणि नवी जोडी बघायची. जोडी तीच परत आली तर थांबणारा नंबर सापडला. ५४ पैकी एकही तशी येत नाही. सगळ्या जाऊन तीनपैकी एका चक्रात पडतात. तुमच्या पोराला चार नंबरांचं एक चक्र सापडलंय. आणखी एक चारचं आहे, ६२९६४ पासून सुरू करा. आणि एक दोनचंच आहे, ५३९५५ आणि ५९९९४, एकमेकांकडं नुसते टोलवत बसतात.

एक करा, हे त्याला सांगू नका. तुमच्या वर्गात साठएक लेकरं असतील ना? एकेकाला एकेक जोडी वाटून द्या.

लातूरची_बाई

मधी बोलते. भूमितीताई, दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होऊ नये म्हणून सांगते. एक असतं गणित अध्यापक मंडळ, जिल्ह्याजिल्ह्याला, आपण शाळेतले शिक्षक त्यात, गणित संबोध, प्रावीण्य असल्या परीक्षा ते लोक घेतात, मी स्वतः पेपर काढायला आणि तपासायला बसलेय. देशपातळीवर तसलीच चेन्नईची संघटना आहे, असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिक्स टीचर्स ऑफ इंडिया, १९६५ पासूनची, त्यांची मुलांसाठी परीक्षा आणि शिक्षकांसाठी नियतकालिक. आणि दुसरी ही सोसायटी, कॉलेज आणि संशोधनवाल्यांची. शिक्षक मंडळात "कसं शिकवायचं" बोलतात, सोसायटीत "नवीन काय सापडलं" बोलतात, आणि दोघं एकमेकांच्या कार्यक्रमाला जात नाहीत. आपलं दुखणं तिथंय खरं तर.

२०१९ आठवतंय का, दुसरीच्या पुस्तकात "एकवीस"च्या जोडीला "वीस एक" आलं तेव्हा? टीव्हीवर चार दिवस चेष्टा, विधानसभेत टोमणे, आणि मंगला नारळीकर बाई, ज्या त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या बिचाऱ्या समजावून सांगायल्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळं लहान लेकरं अडखळतात, त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितात. आता माझ्या वर्गात हे रोज व्हायचं. मी प्राथमिकला होते तेव्हा पंचवीस म्हटलं की निम्मी लेकरं आधी ५ लिहून मग त्याच्या डावीकडं २ लिहायची, ऐकायला पाच आधी येतो ना. म्हणजे उत्तर बरोबर पण लिहायची दिशा उलटी, आणि तीन अंकीला गेलं की सगळं कोलमडायचं. मला "वीस एक" पूर्ण पटलं नव्हतं, आमच्या आजीचे पाढे "बावीस"शिवाय लयीत बसत नाहीत. पण त्या वेळी इथं शिकवणारे आणि विद्यापीठातले एकत्र बसून कुणी काही बोललं का? आम्ही पाच-सहा जणी शाळा सुटल्यावर बसून भांडलो तेवढंच. त्यामुळं माझं मत, व्हा सभासद, आणि गेल्यावर मागच्या खुर्चीवर बसू नका. शाळेतल्या बाईला माईक मिळत नाही असं नाही, आपण मागत नाही.

आणि जालनेकर सर, यूट्यूबवर ६१७४ टाकलं की येतं ते "ही जादू बघून थक्क व्हाल". ५४ येत नाही.

जालनेकर

बरं बाबा, घेतो मागं. यूट्यूबचं तेवढं मागं घेतो, शाल-श्रीफळाचं नाही.

काल रात्री मीपण ५४ करून बघितले. हाताने नाही, एक्सेलवर, पण केले. आणि एक गोष्ट डोक्यात राहिली ती टाकतो. कापरेकरांना पण लोक असंच म्हणायचे की हे काय गणित, ही तर नंबरांची करमणूक. माणसाकडं पदव्युत्तर डिग्री नव्हती, १९३० ते १९६२ शाळेत शिकवलं. तरी ६१७४ त्यांनी १९४९ ला मद्रासच्या गणित परिषदेत जाऊन सांगितला. देवळालीहून मद्रास, शाळामास्तराच्या पगारात. जगाला कळायला मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकानं १९७५ ला लिहावं लागलं ते सोडा, पण उभं राहून बोलायला त्यांना जागा मिळाली ती परिषदेतच. समोर सहाच जण असतील कदाचित. माझ्यासारखे.

भूमिती मॅडम, एक उपयोगाची गोष्ट, कारण तुम्ही आता यात पडणारच: तुमच्या ईमेलवर "आपला मौल्यवान पेपर चार दिवसांत छापू" असले मेल यायला लागतील. पैसे भरू नका. जर्नल खरं का खोटं ते झेडबीमॅथवर (गणिताच्या पेपर-जर्नलांची ऑनलाईन सूची) नाव टाकून बघा, २०२१ पासून ते सगळ्यांना फुकट उघडं आहे. पैसे मागणारं दुकान असेल तर बहुतेक तिथं नाव दिसणार नाही. दिसलं नाही तर मला विचारा, फसून शिकलेला माणूस आहे मी.

भूमिती_बाई

अपडेट देते, उशीर झाला, मधी घटक चाचणी होती.

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास मागून घेतले. ५४ चिठ्ठ्या केल्या, आठवीच्या वर्गात ५८ लेकरं हजर, चौघांना तपासनीस केलं, त्यातला एक आपला हा. फळ्यावर तक्ता काढला, ज्याचं झालं त्यानं येऊन आपली जोडी आणि पुढची जोडी लिहायची. पहिली वीस मिनिटं नुसता गोंधळ, कारण ९९९९ वजाबाकीत कुणी पुढचं शून्य धरेना. मग पंचवीसेक जोड्या झाल्या तशी लेकरं गप्प झाली आणि फळ्याकडं बघायला लागली.

तेवढ्यात एक मुलगी ओरडली, मॅडम माझी जोडी तीच आली! सगळा वर्ग उठून उभा. खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं नांदेडचे सर चुकले की काय. त्या पोरानं, तपासनीसानं, तिची वही घेतली, तिथंच जमिनीवर बसून सगळी वजाबाकी परत केली आणि म्हणालं, "हातचा राहिला गं." शून्यातून घेतलेला हातचा परत दिलाच नव्हता तिनं. ती एवढी हिरमुसली की मी तिला सांगितलं, तुझ्यामुळंच सगळ्यांनी आपापली वजाबाकी परत तपासली, आणि ते खरंही होतं, अजून तीन चुका निघाल्या.

चोपन्नच्या चोपन्न भरल्या. एकही परत आली नाही. खडूनं बाण काढत गेलो तर तीन चक्रं निघाली, सरांनी सांगितली तीच. मी आधी काहीच बोलले नव्हते.

आणि घंटा झाल्यावर हे बेणं काय म्हणतंय, मॅडम दोन अंकी? सोमवारी स्वतःच करून आणलं. ०९, ८१, ६३, २७, ४५, परत ०९. खाली लिहिलेलं "सगळे नऊच्या पाढ्यातले". विचारलं का रे, तर दशकाचा अंक आणि एककाचा अंक घेऊन, दहा वजा एक नऊ, असं अडखळत का होईना सांगितलं त्यानं. वहीची बाकीची पानं अजून अपूर्णच आहेत.

सभासदत्वाचा फॉर्म मैत्रिणीकडून मागवलाय. पुढच्या कार्यक्रमाला छत्रपती संभाजीनगरला जायचं ठरवतेय, पोराच्या वडिलांशी बोलले, ते म्हणाले मॅडम तुम्ही सोबत असाल तर न्या. मराठवाडा एक्स्प्रेसनं सकाळी निघू, सेलू, परतूरकडून अजून कुणी येणार असेल तर इथं लिहा, एका डब्यात बसू. नांदेडकर सर, तुम्ही येणार असाल तर पोरगं तीन अंकीचं ४९५ घेऊन बसलंय सध्या, तयारीनं या.

निवृत्त_नांदेडकर

येतो. गुडघ्याचं बघू. त्याला सांगा सहा अंकी पण करून आण, आणि वजाबाकी पेननं नको, पेन्सिलीनं.